घड्याळाचे देशांतर

किती वाजले, हा प्रश्न वरवर पाहता जगातील सर्व प्रश्नांत सोपा होय. दोन-तीन इयत्ता शिकलेल्या मुलासही त्याचे उत्तर देता येते. परंतु ह्या प्रश्नास 'कोठे?' एवढे एकच शेपूट जोडले की भल्याभल्या पदवीधरांची त्रेधा उडते. लंडनहून आलेल्या बोलावण्यास तासभर आधी येऊन ताटकळणारे, न्यूयॉर्कच्या मुलाखतीस तासभर उशिरा हजर होणारे, आणि बारा तारखेचे रात्री दीडचे विमान गाठण्यास बारा तारखेच्याच रात्री, म्हणजे विमान सुटून गेल्यावर वीस-बावीस तासांनी, विमानतळाची वाट धरणारे गृहस्थ आमच्या समाजात थोडे नाहीत. ही केवळ हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट असती तर तिला ह्या स्तंभात जागा देण्याचे कारण नव्हते. परंतु आज पुण्यामुंबईतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी नाही असे सुशिक्षित कुटुंब शोधावे लागते. आणि जे परदेशी गेले नाहीत त्यांतील पुष्कळांचे पोट परदेशच्या कामावर चालते. सबब घड्याळाच्या ह्या हिशेबात आमच्या तरुण स्त्री-पुरुषांची झोप, प्रकृती व गृहसौख्य ही गुंतलेली आहेत, आणि तो हिशेब करण्यात आम्ही अद्याप कच्चे आहो.

प्रथम मूळ गोष्ट ध्यानात घ्यावी. पृथ्वी चोवीस तासांत आपल्याभोवती एक फेरा, म्हणजे तीनशे साठ अंश, फिरते. अर्थात एका तासास पंधरा अंश व एका अंशास चार मिनिटे पडतात. मुंबई व नागपूर ह्यांच्या रेखांशांत सहा अंशांहून थोडे अधिक अंतर आहे. म्हणून नागपुरास सूर्य डोक्यावर आल्यानंतर सुमारे पंचवीस मिनिटांनी, म्हणजे एका घटकेहून किंचित उशिरा, तो मुंबईच्या माथ्यावर येतो. हे ज्ञान पाश्चात्त्यांनी आम्हांस आणून दिले असे मानण्याचे कारण नाही. आमच्या सिद्धांतग्रंथांनी लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र ह्यांवरून जाणारी मध्यरेषा कल्पून प्रत्येक गावच्या गणितास देशांतरसंस्कार द्यावा असे सांगितले आहे. वेळ ही स्थळावर अवलंबून असते, ही गोष्ट गावचा जोशीदेखील जाणत होता. त्यास ठाऊक नव्हती ती दुसरी गोष्ट: निरनिराळ्या गावच्या लोकांस एकाच क्षणी एकत्र येण्याची गरज. ती गरज आगगाडीने उत्पन्न केली.

गाव तितक्या वेळा असल्या तर गाड्यांचे वेळापत्रक छापता येत नाही, व एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येण्याचे भय राहते. म्हणून इंग्लंडात ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० साली आपल्या सर्व स्टेशनांवर लंडनची वेळ सुरू केली. कायद्याने ती त्या देशाची वेळ होण्यास मात्र १८८० साल उजाडावे लागले. अमेरिकेतील व कानडातील रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी आपसांत ठरवून खंडाचे पट्टे पाडले व जागोजागच्या शेकडो वेळा निकालात काढल्या. पुढील वर्षी, १८८४ च्या ऑक्टोबरात, पंचवीस राष्ट्रांचे प्रतिनिधी वॉशिंग्टन येथे जमले आणि बावीस मतांनी ग्रीनिचची रेषा शून्य रेखांश म्हणून ठरली. फ्रान्सने मत दिले नाही. त्या अभिमानी राष्ट्राने पुढे १९११ साली जेव्हा ही वेळ पत्करली तेव्हा कायद्यात ग्रीनिचचे नावही न घेता 'पॅरिसची मध्यम वेळ, नऊ मिनिटे एकवीस सेकंद मागे केलेली' असे शब्द घातले! ह्यावरून वाचकांनी एवढे समजावे की, सूर्य सृष्टीने दिला, परंतु घड्याळाचा काटा माणसांनी आपसांतील कराराने ठरविला. आणि ज्या गोष्टी कराराच्या असतात त्यांत सोयीबरोबर मान, सत्ता व स्वार्थ हीही शिरल्यावाचून राहात नाहीत.

ह्याचा दाखला दूर शोधावयास नको. तो मुंबईतच सापडतो. ज्यांचे नाव पुण्यातील फर्ग्युसन कॉलेजास दिलेले आहे त्या सर जेम्स फर्ग्युसन ह्यांनी मुंबईचे गव्हर्नर असता १८८१ साली सरकारी कामकाजास मद्रासची वेळ लावली. ती मुंबईच्या सूर्याहून अर्ध्या तासाने पुढे. त्यामुळे लोकांत इतका असंतोष माजला की, दोन वर्षांच्या आत सरकारास माघार घ्यावी लागली. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावरची वेळ सर्व हिंदुस्थानास लागू झाली. मुंबईचे घड्याळ एकदम एकोणचाळीस मिनिटांनी पुढे गेले. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी काम बंद ठेवून गिरण्यांवर दगडफेक केली. गिरणीच्या भोंग्यास जी एकोणचाळीस मिनिटे केवळ काट्याची होती, ती मजुराच्या अंथरुणातून कापली जात होती. मुंबईच्या नगरपालिकेने आपली घड्याळे मुंबईच्याच वेळेवर ठेविली, ती थेट १९५५ पर्यंत. कलकत्त्यानेही आपली निराळी वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही.

ह्या तंट्यात कोणाचे चुकले? आमच्या मते दोन्ही पक्षांचे थोडे थोडे चुकले. एवढ्या मोठ्या देशास एक वेळ असावी हे सरकारचे म्हणणे बरोबर होते. परंतु ज्याची झोप मोडावयाची त्यास विचारल्यावाचून ती मोडली, हे बरोबर नव्हते. उलट, नागरिकांचा राग रास्त होता. परंतु त्या रागापायी अर्धशतकभर एकाच शहरात 'मुंबईची वेळ की स्टँडर्ड वेळ?' असे प्रत्येक भेटीस विचारीत बसावे, हे शहाणपणाचे नव्हते. एक ठरलेली वेळ पाहिजे. परंतु ती ठरविताना सर्वांचा विचार पाहिजे, हा जो धडा त्या वादातून घ्यावयाचा तो आम्ही घेतला नाही, आणि आज तेच प्रकरण निराळ्या रूपाने आमच्या दारी आले आहे.

जगाची आजची व्यवस्था अशी आहे. ग्रीनिचच्या जागी आता अणुघड्याळांवरून राखलेली समन्वित वैश्विक वेळ आली आहे. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून यूटीसी म्हणतात. प्रत्येक देश आपली वेळ तिच्याहून इतकी पुढे किंवा मागे असे सांगतो. नकाशावर पंधरा-पंधरा अंशांचे सरळ पट्टे दिसत असले तरी देश आपल्या सोयीप्रमाणे त्यांस वाकवितात. चीन एवढा अवाढव्य असून १९४९ पासून तेथे एकच वेळ चालते. आमचा देश पूर्व-पश्चिम जवळजवळ तीस अंश पसरलेला, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने दोन तासांचा. तरी येथेही वेळ एकच. त्यामुळे आसामातील चहाच्या मळ्यांनी आपले घड्याळ तासभर पुढे ठेवून 'बागान टाइम' चालविली आहे. नेपाळ आमच्याहून पंधरा मिनिटे पुढे आहे. सामोआ बेटांचा व्यापार ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्यांच्याशी, परंतु वार मात्र अमेरिकेचा. म्हणून त्या देशाने २०११ साली ३० डिसेंबर ही तारीखच पंचांगातून उडविली व २९ च्या पाठोपाठ ३१ आणिली.

ह्यावर आणखी एक घोटाळा आहे तो उन्हाळी वेळेचा. १९१६ साली, महायुद्धात कोळसा वाचावा म्हणून, जर्मनीने उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची रीत प्रथम देशभर लागू केली. इतरांनी ती उचलली. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातही १९४२ पासून १९४५ पर्यंत घड्याळ एक तास पुढे होते. आज आमचा काटा वर्षभर जागचा हालत नाही. परंतु त्यांचा हालतो, आणि सर्वांचा एकाच दिवशी हालत नाही. अमेरिकेतील बहुतेक संस्थानांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जाते व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. इंग्लंड व युरोपात हेच मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घडते. म्हणून लंडन आमच्या मागे हिवाळ्यात साडेपाच तास व उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क साडेदहा व साडेनऊ. सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा व साडेबारा. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे व शरदात एक आठवडा असा असतो की, अमेरिकेचा व युरोपाचा नेहमीचा मेळ बसत नाही. तिघे तीन खंडांत बसून काम करीत असले तर नेमक्या ह्याच दिवसांत कोणीतरी एकटाच येऊन बसतो व दुसऱ्यास बोल लावितो. ऑस्ट्रेलियाचा उन्हाळा आमच्या हिवाळ्यात. तेव्हा सिडनीचे अंतर त्या काळात वाढून साडेपाच तास होते व एरवी साडेचार असते.

हे सर्व तोंडपाठ करावे असे आमचे म्हणणे नाही. खिशातील यंत्र हा हिशेब चोख करते. मात्र त्यास योग्य ती माहिती आपण दिली पाहिजे. त्याकरिता चार-पाच नियम पाळले तरी पुरे. पहिला नियम असा की, दुसऱ्या देशातील माणसास वेळ लिहिताना गावाचे नाव घालावे. 'सायंकाळी सहा' हे अर्धे वाक्य आहे. 'पुण्याच्या घड्याळाने सायंकाळी सहा' हे पुरे. 'आय. एस. टी.' अशा तीन अक्षरांवर भिस्त ठेवू नये. तीच अक्षरे हिंदुस्थानास, इस्रायलास व आयर्लंडास सारखीच लागतात. दुसरा नियम, तारीख लिहिताना महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे. आम्ही ३/४ लिहितो ते तीन एप्रिल. अमेरिकन मनुष्य ते चार मार्च असे वाचतो. तिसरा नियम, दर आठवड्यास भरणारी बैठक कोणत्या गावच्या घड्याळास बांधली आहे हे एकदाच स्पष्ट ठरवावे. ती न्यूयॉर्कच्या घड्याळास बांधली तर आमच्याकडे ती वर्षातून दोनदा सरकणार. पुण्याच्या घड्याळास बांधली तर त्यांच्याकडे सरकणार. दोन्हीकडे ती स्थिर राहील असे होणे नाही. चौथा नियम, वार तपासावा. आमच्या शनिवारच्या सकाळी अमेरिकेत शुक्रवारची संध्याकाळ असते, आणि सौदी अरबस्तानात शुक्रवार व शनिवार हेच सुटीचे दिवस आहेत.

पाचवा नियम खास आमच्या लोकांसाठी आहे. आमच्या जुन्या वहिवाटीत वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात. म्हणून शनिवारी जेवून निजल्यावर दीड वाजला तरी आम्ही 'शनिवारी रात्री दीड वाजता' असेच म्हणतो. घड्याळाचा दिवस मात्र मध्यरात्रीस पालटतो व त्याच्या लेखी तो रविवार असतो. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतरच सुटतात. तेव्हा तिकिटावर बारा तारीख व रात्री दीड असे असेल तर अकरा तारखेस जेवण उरकून निघावे, हे घरातील वडीलधाऱ्यांस आधीच समजावून सांगावे.

येथे धर्मकृत्यांविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. परदेशी राहणारे आमचे बांधव पुण्याच्या पंचांगातील वेळ तशीच उचलून व्रते करितात असे पुष्कळदा दिसते. तिथी ही चंद्र-सूर्यांमधील अंतरावरून ठरत असल्यामुळे ती सर्व पृथ्वीवर एकाच क्षणी संपते. परंतु त्या क्षणी प्रत्येक गावी निरनिराळे वाजलेले असतात. पुण्यास हिवाळ्यात सकाळी दहा वाजता संपणारी तिथी न्यूयॉर्कास आदल्या रात्री साडेअकरा वाजताच संपलेली असते. चंद्रोदय तर प्रत्येक स्थळाचा स्वतंत्र. मग पुण्याच्या चंद्रोदयाचा आकडा पाहून न्यू जर्सीत संकष्टीचा उपास सोडणे, हे ना शास्त्र ना व्यवहार. ज्यांस व्रत करावयाचे आहे त्यांनी आपल्या गावचे गणित करावे. देशांतरसंस्कार सांगणाऱ्या आमच्या ज्योतिष्यांचाही आशय हाच होता.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सॅन फ्रान्सिस्कोत हिवाळ्यात सकाळी नऊपासून सायंकाळी पाचपर्यंत कचेरी चालते, तेव्हा पुण्यात रात्रीच्या साडेदहापासून सकाळच्या साडेसहापर्यंतचा काळ असतो. म्हणजे दोन्ही ठिकाणचे कामाचे तास एकमेकांस बोटभरही शिवत नाहीत. कोणीतरी आपली वेळ सोडलीच पाहिजे. सोडतो कोण? पैसे देणारा निजतो व पैसे घेणारा जागतो, हा आजचा रिवाज आहे. जे १९०६ साली गिरणीच्या भोंग्याने एकोणचाळीस मिनिटांपुरते केले, तेच आज परक्या देशाचे घड्याळ साऱ्या रात्रीपुरते करीत आहे. फरक इतकाच की, त्या मजुरास आपले काय गेले ते कळले होते, आणि आमच्या पदवीधरास गलेलठ्ठ पगाराच्या गुंगीत ते कळेनासे झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ साली शरीराच्या दिनक्रमास धक्का देणारी रात्रपाळी ही बहुधा कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींच्या वर्गात घातली व २०१९ साली तो निर्णय कायम केला. ही गोष्ट जागरणाचा अभिमान मिरविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. आणि स्त्रियांची स्थिती तर ह्याहून बिकट आहे. पुरुष पहाटे घरी आला तर घर हळू पावलांनी चालते. सून पहाटे घरी आली तर पुष्कळ घरांत तिच्यासाठी ओटा व डबे वाट पाहात असतात. दोन गोलार्धांचे दिवस एकाच देहाने भरून काढावे अशी ही अपेक्षा आहे.

कोणी म्हणेल की, पोटासाठी माणूस काय करीत नाही? परवडत नसेल त्याने ती नोकरी सोडावी. हा युक्तिवाद फार जुना आहे. कामाचे तास कमी करण्याची मागणी जेव्हा जेव्हा झाली तेव्हा तेव्हा हाच ऐकावयास मिळाला. आम्ही परदेशचे काम नाकारा असे म्हणत नाही. आम्ही म्हणतो, जागरणाचा हिशेब मांडा व तो वाटून घ्या. पुण्यात सकाळी सात वाजता बैठक ठेविली तर सॅन फ्रान्सिस्कोत हिवाळ्यात आदल्या दिवशीचे सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात. पुण्यात रात्री नऊ वाजता ठेविली तर तेथे सकाळचे साडेसात. ह्या दोहोंपैकी एकही वेळ कोणास असह्य नाही. पाळीपाळीने ह्या दोन वेळा घेतल्या तर मध्यरात्रीचे नाव घेण्याचेही कारण उरत नाही. दोन्ही बाजूंनी तासा-दोन तासांची सवलत दिली म्हणजे झाले. जे काम पत्राने होते त्यासाठी बैठक बोलावू नये. आणि ज्या कामास रात्र खरोखरच लागते, जसे रुग्णसेवेचे किंवा यंत्रे चालू ठेवण्याचे, तेथे पाळ्या फिरत्या असाव्या, विश्रांती ठरलेली असावी व तिचा मोबदला करारात लिहिलेला असावा. हे मागण्यास लाज कसली? समोरचा मनुष्य दर वेळी दुष्टच असतो असे नाही. पुष्कळदा आमच्याकडे तेव्हा किती वाजलेले असतात हे त्यास ठाऊकच नसते, कारण ते आम्ही कधी सांगितलेले नसते. प्रत्येक निमंत्रणात दोन्ही गावच्या वेळा शेजारी शेजारी लिहिल्या तर पहाटेचे अडीच हा आकडा आपोआपच बोलू लागेल.

परंतु परक्यास सांगण्यापूर्वी घरात पाहावे हे उचित. परदेशी गेलेला मुलगा आपल्या सवडीने हाक मारतो, आणि सत्तरी उलटलेली आई औषध घेऊन निजलेली असता उठून बसते. तीही 'मी जागीच होते' असे म्हणते व तो ते खरे मानतो. इकडच्या कचेरीचा अधिकारी सिडनीच्या सहकाऱ्यास त्याच्या रात्री दहा वाजता निःशंकपणे बोलावतो. ज्या गैरसोयीविषयी आम्ही तक्रार करितो तीच आम्ही आपल्याहून दुबळ्यावर किंवा मायाळूवर लादीत असलो, तर आमच्या तक्रारीस वजन कोठून येणार?

सबब आमची सूचना अशी आहे की, शाळांतून रेखांश शिकविताना केवळ अंश पाठ करून घेऊ नयेत. मुलांस खऱ्या गावांच्या खऱ्या वेळा काढावयास सांगाव्या: 'तुझी आत्या टोरांटोस आहे, ती केव्हा उठते, केव्हा निजते व तिच्याशी केव्हा बोलावे?' असा प्रश्न परीक्षेत घालावा. आणि त्याच्या पुढेच दुसरा प्रश्न असावा: 'दोघांपैकी कोणाची झोप मोडेल, व ती मोडू नये म्हणून तू काय करशील?' पहिल्या प्रश्नाने भूगोल पक्का होईल. दुसऱ्याचे उत्तर कचेऱ्यांच्या चालकांनी, करार करणाऱ्यांनी व घरोघरच्या मुलाबाळांनीही सोडवून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.